हात धुऊन मागे लागा!

वधूपिता स्थळाच्या, सावकार कुळाच्या आणि परीक्षार्थी ‘महत्त्वाच्या प्रश्नां’च्या हात धुऊन मागे लागतो, हे आपण सारेच जाणतो. पण कोणाच्या मागे लागण्याआधी हात का धुवायचे, हे मराठीच्या तासाला अजून कोणी सांगितलेले नाही. माझा आपला एक तर्क आहे. ज्या कोणा पूर्वजाने हा वाक्प्रचार काढला, त्याच्या गावी पाणी मुबलक असले पाहिजे. तो आमच्या संग्रामपूर तालुक्यातला खासच नव्हता.

हे सारे सुचण्याचे कारण म्हणजे एक भित्तिपत्रक. २००८ सालापासून १५ ऑक्टोबर हा दिवस जगभर ‘हात धुण्याचा दिवस’ म्हणून पाळतात. त्यानिमित्ताने एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, कारण मला अजून एक वर्ष तेथेच काढायचे आहे) बेसिनच्या वर एक सुरेख रंगीत चित्र लागले. चित्रातल्या नळाला पाणी आहे. चित्रातल्या बेसिनवर साबण आहे. चित्रातला मुलगा हसतो आहे. खालचा खरा नळ सोडला की तो एक दीर्घ सुस्कारा सोडतो आणि गप्प बसतो. खऱ्या बेसिनवर एक गुळगुळीत खळगा आहे. त्या ठिकाणी प्राचीन काळी साबण असावा, असा अंदाज इतिहासाचा विद्यार्थी करू शकतो.

आता जंतूंच्या बाजूने विचार करा. खामगावला जाणाऱ्याने जशी जलंब स्टेशनावर गाडी बदलावी, तसे तालुक्या-तालुक्यांतले जंतू महाविद्यालयात येऊन गाडी बदलतात. मेहकरचा खोकला चिखलीच्या मुलाबरोबर परत जातो. घाटाखालचे पडसे घाटावर येते आणि घाटावरचा ताप शनिवारच्या एस. टी.ने घाटाखाली उतरतो. आम्ही त्यांची बडदास्तही चांगली ठेवतो. कॅन्टीनमध्ये एक कप चहा तिघांत फिरतो. मित्र तळहातावर तंबाखू मळतो, आणि त्या तळहातावरून चिमूट उचलायला चार हात पुढे होतात. ग्रंथालयातल्या जुन्या कादंबऱ्यांच्या पानांचे कोपरे पाहिलेत तर तेथे तीन पिढ्यांच्या ओल्या बोटांची नोंद आहे. आणि सर्व गुरुजनांची आगाऊ क्षमा मागून सांगतो, परीक्षेत पुरवणी सुटी करताना पर्यवेक्षकांचे बोट ज्या सहजतेने जिभेकडे जाते, ती पाहून मला पेपरापेक्षा पुरवणीचीच धास्ती वाटते. मी उत्तरे थोडक्यात लिहितो, त्याचे खरे कारण हे आहे. परीक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.

आपल्याकडे फ्लूची पिकेही दोन निघतात. एक पावसाळ्यात, दुसरे हिवाळ्याच्या अखेरीस. म्हणजे खरीप आणि रब्बी. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या घटमांडणीत पाऊसपाण्याबरोबर रोगराईचेही भाकीत सांगतात, त्यासाठी दुरून शेतकरी येतात. पण फ्लूच्या रब्बी पिकासाठी एवढे लांब जायला नको. आमच्या स्नेहसंमेलनाची तारीख पाहिली तरी पुरते. तीन दिवस एका सभागृहात खिडक्या लावून आपण गातो, ओरडतो, गळ्यात गळे घालतो. चौथ्या दिवशी निम्मा वर्ग खोकत असतो आणि उरलेला निम्मा काढ्याची कृती सांगत असतो.

हसू नका, किंवा हसा. मीही हसतच होतो. आपल्या जिल्ह्याला साबणाची परंपरा फार जुनी आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद केली आहे, तीत काच आणि साबण बनवायला लागणारे सारे जिन्नस येथे मिळतात असे म्हटले आहे. सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी, की खार काढण्याचा धंदा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. म्हणजे अकबर बादशहाच्या दरबारात आमचा जिल्हा साबणासाठी माहीत होता, आणि आज चारशेहून अधिक वर्षांनी एका बेसिनवर वडी नाही! त्याच लोणारने आणखी एक गंमत केली. जून २०२० मध्ये सारे जग जंतूंच्या धास्तीने दारे लावून बसले असता सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. आपण तोंडे झाकून बसलो होतो आणि ते बिचारे निरुपद्रवी जीव रंगपंचमी खेळत होते.

पण हात धुण्याची थट्टा ही काही आपलीच मिरास नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर होता. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासत, आणि त्या विभागात बाळंतरोगाने बायका मरत. सुइणी जेथे काम करीत त्या विभागात मृत्यू कमी. सेमेलवाइसने सर्वांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्याचे आभार मानायचे सोडून मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला. आमच्या हातांनी माणसे मरतात, असे हा म्हणतो की काय? १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून मेला. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामामुळे त्याचे म्हणणे जगाला पटले. तोवर हसणारे हसून गेले होते, आणि बाळंतिणीही गेल्या होत्या.

फ्लूला आपण ‘साधे पडसे’ म्हणतो, तेही जपून म्हणावे. १९१८ साली तो जहाजातून मुंबईला उतरला आणि त्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने देश झोडपून काढला. जुनी माणसे त्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली, आणि आपला वऱ्हाड ज्यात होता त्या मध्यप्रांत-वऱ्हाडला तिचा तडाखा फार मोठा बसला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या शिरगणतीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

एवढे सगळे मला माहीत आहे, ते मी नंतर वाचले म्हणून. आधी काय झाले ते सांगतो.

माझे गाव घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीचे पाणी असे, की साबण लावला तर फेस यायच्या ऐवजी साबण फाटतो आणि हातावर पांढरा चिकटा बसतो. पाण्यातल्या क्षारांमुळे असे होते, हे शाळेत शिकलो. आजी शाळेत गेली नाही. तिने चुलीच्या राखेचे एक डबडे ओट्यावर ठेवले आहे. बाहेरून कोणीही येवो, आधी राख, मग दोन तांबे खारे पाणी, मग उंबरा. गोडे पाणी नळाला आठ-दहा दिवसांनी येते. ते फक्त पिण्याचे. त्यातला थेंब हाताला लावलेला तिला खपत नाही.

मी बी. ए.ला मानसशास्त्र घेतले आणि मला अक्कल फुटली. सुट्टीत गेलो की ती ओरडे, “काहून रे बाबू, हात धुतले काय?” मी म्हणे, “आजी, याला मंत्रचळ म्हणतात. पुस्तकात आहे.” घरातले सारे हसत. तीही हसे. “असंन बापा. पन तू हात धू.”

गेल्या वर्षी जानेवारीत संमेलन आटोपून मी अंगात कणकण घेऊन घरी गेलो. कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर काढा प्यावा लागला असता. राखेच्या डबड्याला वळसा घालून थेट आजीजवळ जाऊन बसलो आणि तिच्याच ताटात जेवलो. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. आठव्या दिवशी न्युमोनिया झाला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले चार ऑक्सिजनवर.

माझ्यामुळेच ती आजारी पडली, असे सिद्ध करता येणार नाही. गावात त्या आठवड्यात आणखीही चार-पाच जण खोकत होते. वडील मला हेच सांगतात. पण डबड्याला वळसा मी घातला होता, हे मला माहीत आहे. आजी वाचली. पूर्वी विहिरीपर्यंत जात होती, आता ओसरीच्या खांबापर्यंत जाते. तिने मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मी राखेच्या डबड्याची बाजू घेतो, याचा अर्थ सोवळ्याची घेतो असा नव्हे. सोवळे माणूस पाहून हात आखडते, जंतू माणूस पाहत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि माणसांना मनाई होती, म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. ती मनाई स्वच्छतेसाठी नव्हती, हे सांगणे न लगे. आणि २०२० सालच्या टाळेबंदीत शहरातून पायी आलेल्या आपल्याच माणसांना ठिकठिकाणी वेशीवर काट्या टाकून अडवले, तेव्हा आपण पुन्हा जंतू सोडून माणसालाच विटाळ मानू लागलो होतो. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. आपण कीर्तन तेवढे ठेवले आहे. खराटा भित्तिपत्रकात आहे.

माझी तक्रार आहे ती इथे. ‘हात धुवा’ हा उपदेश फार स्वस्त आहे. एक भित्तिपत्रक लावले की उपदेश करणारा मोकळा झाला, आणि आजारी पडणारा बेजबाबदार ठरला. पण कोरड्या नळाखाली उभे राहून वीस सेकंद हात कसे चोळायचे, हे चित्रात दाखवलेले नाही. फ्लूच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टण असते आणि साबण ते फोडतो, हे विज्ञान खरे. पण त्याला साबण लागतो आणि पाणी लागते. ज्याच्या घरी पाणी आठवड्याने येते त्याला स्वच्छतेवर निबंध लिहायला लावण्याआधी त्याची बादली भरली पाहिजे.

आणि हातांनीच सारे भागत नाही. हा रोग मुख्यतः खोकल्या-शिंकेतून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. म्हणून खिडक्या उघडाव्यात, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि अंगात ताप असेल त्या दिवशी घरी राहावे. पण घरी कसा राहणार? पंचाहत्तर टक्के हजेरीची तलवार डोक्यावर आहे. विद्यार्थी एकशे दोन ताप घेऊन ‘यस सर’ म्हणायला येतो, आणि त्याच्या बरोबर आलेल्या जंतूंची हजेरी शंभर टक्के भरते. तेव्हा माझी विनंती अशी : तापाच्या तीन दिवसांची हजेरी माफ व्हावी, नळाला पाणी येईपर्यंत बेसिनजवळ तोटीचा एक पिंप भरून ठेवावा, आणि साबण असावा. खर्च एका स्वागत-कमानीपेक्षा कमीच येईल. विद्यार्थ्यांनीही थोडे करावे. निदान पुढच्या संमेलनाला ज्याला ताप आहे त्याने गळ्यात पडून मैत्री सिद्ध करू नये. दुरून हात जोडले तरी ती टिकते.

नुसते लिहून काय होते, असे कोणी म्हणेल म्हणून सांगतो. आम्ही चौघांनी वर्गणी काढून लाइफबॉयची एक तांबडी वडी आणली, तिला भोक पाडून सुतळी ओवली आणि बेसिनच्या नळाला बांधली. शेजारी एक बादली रोज पाळीपाळीने भरून ठेवतो. तिसऱ्या दिवशी वडी नाहीशी झाली, सुतळीसकट. मित्र चिडले. मी म्हटले, चिडू नका, नेणारा घरी जाऊन हात तरी धुईल. दुसरी वडी बांधली आहे. ती हा लेख छापून येईपर्यंत राहील याची खात्री देत नाही, पण नसली तर आम्हांला कळवा. तिसरी आणून ठेवली आहे.

— बी. ए. भाग २