वकिलीची तीन वर्षे: एक प्रतिवाद

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट हुशार पदवीधरांवर अन्याय करते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्यासारखे नाही. २००२ मध्ये उठवलेली ही अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली, ते योग्यच झाले. उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला विचारले जाणारे प्रश्न, कुठे रोखावी आणि तहकुबीचा, म्हणजे सुनावणी पुढे ढकलण्याचा, अर्ज केव्हा निव्वळ वेळकाढूपणाचा असतो, हे केवळ पुस्तकांतून उमगत नाही. आणि ज्याच्या आदेशावर पहिल्याच दिवसापासून पक्षकाराचे घर वा शेत अवलंबून असते, त्या न्यायाधीशाला ते आधीच उमगलेले असले पाहिजे. राज्यघटनेचा अनुच्छेद २३३ वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश नेमताना सात वर्षांच्या वकिलीची अपेक्षा ठेवतो, त्यामागेही हाच विचार दिसतो.

नवोदित वकिलांना, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी, तुटपुंज्या मानधनावर दिवस काढावे लागतात, ही पत्रलेखकाची खंत मात्र अगदी रास्त आहे. परंतु तिच्यावरचा उपाय पुरेसे विद्यावेतन हा आहे, अट रद्द करणे हा नव्हे. शिवाय न्यायमूर्तींचे विधी लिपिक, म्हणजे संशोधन साहाय्यक, म्हणून केलेले कामही या तीन वर्षांत धरले जाते, याचा त्या पत्रात उल्लेखच नाही.