शांततेचा नंबर

मंडळी, जागतिक शांतता निर्देशांकाची यादी आली की आपला उद्योग ठरलेला: पाकिस्तानच्या वर आहोत ना, एवढं बघायचं! ११ मे २०१८ च्या रात्री औरंगाबादेत मोतीकारंजा ते शहागंज दंगल पेटली. दुकानं जळाली, दोन जीव गेले, इंटरनेट बंद. पुढच्याच महिन्यात यादी आली. १६३ देशांत भारत १३६ वा. आता यात शहागंज कुठे शोधायचं? अख्ख्या देशाला एकच आकडा देणारं माप, २३ निकष लावूनही गल्लीपाशी आंधळंच. मेलेले मोजता येतात हो. पण रमजान आठवड्यावर आलेला असताना शटर वर करायला कचरणारा दुकानदार कुठल्या निकषात बसवणार? मला तो नंबर सांगू नका. शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरपाशी रात्री नऊला किती दुकानं उघडी असतात, ते सांगा.