यंत्रांची पूजा, सुट्या भागांची उपेक्षा

खंडेनवमीच्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागातून फेरफटका मारला, तर एरवी रात्रंदिवस कानांवर आदळणारा यंत्रमागांचा खडखडाट थांबलेला असतो. माग पुसून लख्ख केलेले असतात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, उदबत्तीचा दरवळ. धोट्यालासुद्धा कुंकवाचे बोट लागलेले असते. जे आपल्याला अन्न देते, त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही आपल्या संस्कृतीची शिकवण सोलापूरचा विणकर आजही मनोभावे पाळतो.

त्याच कारखान्याच्या कोपऱ्यातील कोठीचे दार उघडून पाहावे. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत बेअरिंगे, नट-बोल्ट आणि स्प्रिंगा एकत्र नांदत असतात. रबरी पट्टे खिळ्याला लटकलेले असतात. दहा वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या मागांचे भाग फळीवर धूळ खात असतात आणि आज चालू असलेल्या मागाला हवा असलेला भाग तेवढा सापडत नाही. कोठी भरलेली आणि तरीही माग उभा, हा चमत्कार टॉवेल-चादरींच्या या शहराने शेकडो वेळा पाहिला आहे.

माग उभा राहतो तेव्हा नेमके काय होते? जॉबर कोठी उपसतो. मग बाजारपेठेत माणूस धावतो. तेथे नसेल, तर इचलकरंजीला किंवा भिवंडीला दूरध्वनी होतो आणि रात्रीच्या गाडीने पार्सल मागवले जाते. तोवर एक दिवस जातो, कधी तीन. मालकाची मागणी लांबते हे खरेच. पण ज्याला उत्पादनावर मजुरी मिळते, त्या कामगाराचा तो दिवस कायमचा बुडतो. त्याच्या घरची चूल भाग येण्याची वाट पाहत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा भाग वेळेवर न मिळाल्याची किंमत ज्याने मोजावी, त्याचा त्या चुकीशी काडीचाही संबंध नसतो. सुट्या भागांचा प्रश्न हा केवळ हिशेबाचा नसून न्यायाचाही प्रश्न आहे, तो या कारणासाठी.

सोलापूरकरांना हा धडा नवा नाही. ‘जुनी मिल’ या नावाने तीन-चार पिढ्यांच्या तोंडी असलेली शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी संसदेने खास या एका गिरणीसाठी कायदा केला. एका भागधारकाने त्या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये फेटाळले आणि तो निकाल आजही घटनेच्या अभ्यासकांना वाचावा लागतो. मात्र, सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी, ती त्या कायद्याची प्रस्तावना. गैरव्यवस्था आणि हेळसांड यांमुळे जीवनावश्यक वस्तूचे उत्पादन घटले आणि बेकारी ओढवली, असे तिचे म्हणणे होते. यंत्रे नव्हती, कापूस नव्हता किंवा कसबी माणसे नव्हती, असे नव्हे. पुढे ती गिरणी कायमची बंद पडली. लक्ष्मी-विष्णूचा आणि नरसिंग गिरजीचा भोंगाही थांबला. सुट्या भागांअभावी गिरण्या बुडाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हेळसांड कोठीपासूनच सुरू होते, हे कोणताही जुना जॉबर सांगेल.

आज याच कामासाठी देखभालीची संगणकप्रणाली मिळते. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. प्रत्येक मागाला एक क्रमांक, प्रत्येक भागाला एक संकेतांक, तो कोणत्या फळीवर कोणत्या खणात आहे त्याची नोंद आणि कोणत्या मागाला तो कधी लावला याचा इतिहास, एवढाच तिचा गाभा आहे. समजा, एका कारखान्यात महिन्याला सहा बेअरिंगे लागतात आणि मागणी नोंदविल्यापासून माल हाती येण्यास पंधरा दिवस लागतात. या पंधरा दिवसांत तीन संपणार. अडीअडचणीसाठी आणखी तीन धरली, तर शिल्लक सहावर येताच मागणी गेली पाहिजे. ही आकडेमोड तिसरीतल्या मुलालाही जमेल. पण ती शेकडो वस्तूंसाठी रोज न चुकता करणे माणसाला जमत नाही, यंत्राला जमते.

खरी मेहनत असते ती नावांची. सोलापूरच्या एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी अशा चार भाषा नांदतात. हे या शहराचे वैभव आहे. कोठीत मात्र त्याचा घोळ होतो. ६२०५ क्रमांकाची बेअरिंग एका वहीत ‘६२०५’ म्हणून असते, दुसरीत ‘मोटरची बेअरिंग’ म्हणून आणि तिसरीत दुकानदाराच्या नावाने. संगणकात ती तीन वस्तू म्हणून चढली, की एकीची शिल्लक शून्य दिसते, नवी खरेदी होते आणि उरलेल्या दोन नावांखाली डझनभर बेअरिंगे पडून राहतात. उलट, त्याच आकड्यापुढे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असलेली आणि रबरी झाकण असलेली असे भिन्न प्रकार येतात. ते एकच समजून चढवले, तर ऐन वेळी चुकीचा नग हाती येतो. हा निवाडा कोणतीही प्रणाली करीत नाही. तो जॉबरच करू शकतो.

दुसरी गफलत किमतीची. महागड्या वस्तू कुलपात आणि स्वस्त वस्तू वाऱ्यावर, हा आपल्याकडचा रिवाज. वस्तूची किंमत आणि तिच्यावाचून होणारा खोळंबा यांचा काही संबंध नसतो. म्हणून वस्तुसाठ्याच्या शास्त्रात दोन स्वतंत्र वर्गवाऱ्या करतात. एक किमतीनुसार, दुसरी, जिच्यावाचून यंत्र थांबते, जिच्यावाचून काही दिवस निभते आणि जी असली तर बरे, अशी. चाळीस रुपयांची स्प्रिंग या दुसऱ्या यादीत अग्रभागी असू शकते.

हे सारे परदेशी व्यवस्थापनशास्त्र आहे, असे मानणाऱ्यांनी कौटिल्य उघडून पाहावा. राजाच्या भांडारांचा अधिकारी असलेल्या सन्निधात्याला शंभर वर्षांपर्यंतची आवक ठाऊक असावी. खर्च, शिल्लक आणि साठा यांविषयी विचारताच तो अडखळता कामा नये, अशी अर्थशास्त्राची अपेक्षा आहे. कोष्ठागारातील निम्मा साठा प्रजेवरील आपत्तीसाठी राखावा, निम्मा वापरावा आणि नवा माल येताच जुना बदलून घ्यावा, असेही तेथे सांगितले आहे. जुना माल आधी वापरण्याचा जो नियम आज संगणकात बसविला जातो, तो याहून वेगळा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूगोळा ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवण्याची ताकीद आहे. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली रबराच्या वस्तू कडक होतात, इलेक्ट्रॉनिक कार्डे बिघडतात. त्यांची अशी नियमित तपासणी किती कारखान्यांत होते?

मग अडते कोठे? पैशाचे कारण सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. टॅली तर बहुतेक पेढ्यांवर असतेच आणि किती शिल्लक उरताच मागणी करायची, हे त्यातही नोंदविता येते. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने घडविलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे. तिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि साठा व देखभाल दोन्ही तिच्यात सांभाळता येतात. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना याहून सोयीचे काय हवे? रेल्वेनेही आपल्या विखुरलेल्या कोठ्यांची कागदी खातेवही संगणकावर आणण्याचे काम जानेवारी २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेपासून सुरू केले, तेही आपल्याच ‘क्रिस’ या संस्थेने बनविलेल्या प्रणालीवर.

अडते ते मनात. काही मालकांना खरा साठा संगणकात नकोच असतो. दोन वह्यांची सवय सुटत नाही. हे कटू आहे, पण बोलले पाहिजे. अर्धी कोठी नोंदीबाहेर ठेवून उरलेल्या अर्ध्या कोठीसाठी प्रणाली आणणे म्हणजे फुटक्या घागरीला चांदीचे झाकण. सरकारी धोरणांचा कलही खरेदीकडेच राहिला. १९९९ पासून २०२२ पर्यंत वेगवेगळ्या रूपांत चाललेल्या तंत्रज्ञान अद्ययावतीकरण योजनेचा भर नव्या यंत्रांवर होता. यंत्र दारात येते तेव्हा पेढे वाटले जातात. त्याची पुढची पंधरा वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न पेढ्यांच्या दिवशी कोणी विचारीत नाही.

जॉबरची भीती आणखी वेगळी आहे. डोक्यातले सारे संगणकात गेले, तर आपली गरज काय उरणार, असे त्याला वाटते. ही भीती रास्त आहे आणि ती दूर करणे मालकाचे कर्तव्य आहे. विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिवस मानणाऱ्या भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी उद्योगांच्या श्रमिकीकरणाची भाषा बोलत. कोठीत त्याचा अर्थ अगदी साधा आहे. संकेतांक ठरविताना जॉबर खुर्चीत बसलेला असावा, नोंदीवर त्याचे नाव असावे आणि उभ्या मागांचे तास घटले, तर त्यातला वाटा त्याच्या पाकिटात पडावा.

धोटाविरहित मागांच्या आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या कार्डांबाबत तर एकट्या कारखानदाराचे बळ अपुरेच पडते. कार्ड महाग, त्यात अनेक माग जुने म्हणून विकत आणलेले आणि काहींचे भाग मूळ कंपनीने बनविणेच थांबविलेले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एकाच बनावटीचे माग असलेल्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून दोन कार्डे सामायिक राखली, तर प्रत्येकाचे भांडवल वाचेल. कोणाकडे काय आहे हे एकमेकांना दिसले पाहिजे, एवढीच अट. संगणकाने ती सोय केली आहे. शेजाऱ्याला आपली कोठी दाखविण्याचे धैर्य संगणक देत नाही. ते संघटनेतून यावे लागते.

सुरुवातीला संगणकही लागत नाही. दिवाळीच्या सुटीचे चार दिवस, एक जॉबर, कॉलेजात जाणारा घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आणि एक कोरी वही. सगळे डबे जमिनीवर ओतायचे, पुसायचे, मोजायचे, नाव ठरवायचे, खणाला क्रमांक द्यायचा. गेल्या महिन्यात ज्या भागासाठी इचलकरंजीहून रात्रीचे पार्सल मागवले होते, तो याच वेळी कोपऱ्यातल्या एखाद्या डब्याच्या तळाशी सापडतो.