तांबें कोणी गोळा केलें?

मागें एकदां याच पानावर सह्याद्रीच्या काळ्या कातळाविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनींचें पत्र आलें. गौरी-गणपतीच्या आधीं माजघरांत चिंच नि मीठ लावून ताम्हनें, पळी-पंचपात्रें, घंगाळें घासण्याचें काम चाललें असतां त्यांच्या धाकट्या जावेच्या मुलानें विचारलें, "मोठ्या काकू, तांबें अग्नीच्या खडकांत सांपडतें असें पुस्तकांत आहे. आपला सह्याद्रिही अग्नीपासूनच झालेला. मग आपल्या डोंगरांत तांब्याची खाण कां नाहीं?" बाईंनीं प्रामाणिकपणें लिहिलें आहे कीं, उत्तर न सुचल्यामुळें "आधीं हात चालव" एवढेंच त्याला सांगितलें. आम्हांलाही लहानपणीं अशींच उत्तरें मिळत. या मुलाला मात्र खरें उत्तर मिळालें पाहिजे.

जगांत निघणाऱ्या तांब्यापैकीं सुमारें बारा आणे तांबें एकाच जातीच्या खाणींतून येतें. त्यास पॉर्फिरी तांबें म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेंतील जांभळ्या रंगाच्या नांवावरून आला. मिसर देशाच्या वाळवंटांतून रोमन बादशहा असा जांभळा दगड आपल्या स्तंभांसाठीं नेत असत. पुढें रंग सुटला आणि नांव खडकाच्या घडणीला चिकटलें: बारीक कणांत मोठमोठे स्फटिक विखुरलेले, जणूं शिऱ्यांत बेदाणे.

खाण म्हटली कीं लाल धातूच्या शिळा डोळ्यांपुढें येतात. येथें तसें कांहीं नाहीं. या खडकांत तांबें शेंकडा अर्धा ते एक भाग. बाकी सारा दगड. तीन किलोच्या घंगाळासाठीं असा पांच-सहाशें किलो खडक फोडून दळावा लागतो, वरचा निरुपयोगी दगड उपसावा लागतो तो निराळाच. १८९९ सालीं अमेरिकेंतील युटा संस्थानांत बिंगहॅम खोऱ्याची पाहणी करून डॅनियल जॅकलिंग व रॉबर्ट जेमेल या अभियंत्यांनीं शेंकडा दोन भाग तांब्याचा दगडही फायद्यानें खणतां येईल असें प्रतिपादिलें, तेव्हां खाणींच्या धंद्यांतील जाणत्यांनीं तें खरें मानलें नाहीं. १९०६ मध्यें वाफेचीं यंत्रें लावून डोंगरच खणावयास आरंभ झाला. आज त्या जागीं किलोमीटरभराहून अधिक खोल खळगा आहे, आणि दोन भागांचा दगड ही आतां चैन वाटूं लागली आहे!

तरीही शेंकडा अर्धा भाग हा पुष्कळच म्हणावयाचा. पृथ्वीच्या कवचांत सरासरीनें दहा लाख भागांत तांब्याचे भाग पन्नास-साठच. तें शंभरपट गोळा केलें कोणी? मुलाच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. गोळा करणारा अग्नि नव्हे, पाणी.

दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा घ्या. तेथें महासागराचा तळ दरवर्षीं कांहीं सेंटिमीटर याप्रमाणें खंडाखालीं सरकत आहे. हा तळ कोरडा नसतो. युगानुयुगें समुद्रांत भिजल्यामुळें त्याच्या खनिजांच्या घडणींतच पाणी जाऊन बसलेलें असतें. सुमारें शंभर किलोमीटर खोल गेल्यावर तें सुटतें आणि वरच्या तप्त खडकांत शिरतें. ओला झालेला खडक कोरड्यापेक्षां पुष्कळ कमी उष्णतेवर वितळतो. असा जो शिलारस होतो, त्यांत वजनाचे शेंकडा चार-पांच भाग पाणीच असतें. शिवाय त्यांत प्राणवायूची चणचण नसते, हेंही भाग्यच. एरवीं गंधकानें तांब्याला धरून खोलवरच खालीं बसविलें असतें.

हा रस वर येतां येतां पृष्ठाखालीं कांहीं किलोमीटरांवर थबकतो. दाब उतरला, स्फटिक बनूं लागले, कीं पाण्याला रसांत जागा उरत नाहीं. तें बाहेर पडतें, पण एकटें नाहीं. त्यांत मीठ असतें, आणि मिठांतील क्लोरीन तांब्याला रसांतून आपल्याबरोबर ओढून नेतें. आधण आलेल्या पातेल्याचें झांकण जसें उडूं लागतें, तसा वरचा खडक या कोंडलेल्या पाण्याच्या जोरानें तडकतो, आणि बोटाएवढ्या नि केसाएवढ्या भेगांचें जाळें होतें. त्यांतून चढतां चढतां खारें पाणी निवतें. उष्णता चारशें अंशांच्या आसपास उतरली म्हणजे तांबें त्यांत टिकत नाहीं. गंधकाशीं व लोहाशीं संयोग पावून तें भेगाभेगांत बसतें. आमच्या वैद्यांचें सुवर्णमाक्षिक तें हेंच.

यानंतर पावसाचें पाणी आपला हात लावतें. वरच्या थरांतील गंधकाचें त्यामुळें आम्ल बनतें, तें तांबें विरघळवून खालीं नेतें, आणि भूजलाच्या पातळीशीं तें दाट थरानें पुन्हां बसतें. चिली देशांतील चुकिकामाता येथें असेंच झालें. मग तेथें विलक्षण अवर्षण पडलें, म्हणून तो ठेवा वाहून गेला नाहीं. त्या कोरडेपणाची साक्ष म्हणून एक माणूसच उरला आहे. १८९९ सालीं तेथील जुन्या भुयारांत एका खाणकामगाराचें शव सांपडलें, तो इ. स. ५५० च्या सुमारास दरड कोसळून मेला असावा. हत्यारें जवळच होतीं आणि देह तांब्याच्या क्षारांनीं हिरवट झाला होता. तो आतां न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहे. बिचाऱ्याचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं.

आतां सह्याद्रि. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं हा रस खोलवरून भेगांवाटे आला. त्याखालीं कोणताही समुद्रतळ सरकत नव्हता. म्हणून त्यांत पाणी फार थोडें. शिवाय तो वाटेंत कोंडून न राहतां चुलीवरच्या उतू गेलेल्या दुधासारखा उघड्यावर पसरला. मौज अशी कीं, आपल्या काळ्या कातळांत तांबें आहेच. सरासरी खडकाहून कांहींसें अधिकच आहे. पण तें कणाकणानें सर्वत्र विखुरलेलें, त्याला गोळा करणारें पाणी भेटलें नाहीं.

महाराष्ट्राच्या सीमेलगत मात्र तांबें आहे. गोंदियाच्या शेजारीं मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांत मलाजखंड येथें १९८२ पासून मोठी खाण चालू आहे. तेथील ताम्रखनिज सुमारें २४९ कोटी वर्षांचें. त्यास पॉर्फिरी म्हणावें कीं नाहीं यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आमच्या वाचकभगिनींपैकीं कोणाचें माहेर गोंदियाकडे असल्यास पुतण्याला घेऊन तिकडे एकदां जावें; शुभ्र गारगोटीच्या शिरांत पिवळें सुवर्णमाक्षिक नुसत्या डोळ्यांनींही दिसतें.