सात-बाऱ्याला वाट होती, संकेतस्थळाला का नाही?

१ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार मुरबाड तालुक्यातल्या धसईत आले आणि धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. तेवढ्यात गावच्या दुकानदाराने कार्डाचे यंत्र शिकावे, अशी सरकारची अपेक्षा! मग सरकारला स्वतःची संकेतस्थळे नीट लावायला आणखी किती वर्षे हवीत?

उघडा कुठलेही. आधी मान्यवरांचे फोटो, मग सरकती पट्टी, तिच्यावर कधीच उरकलेल्या भरतीची सूचना. ‘योजना’ म्हटले की विभागांची लांबलचक यादी. धसईच्या बाईला हवा जातीचा दाखला. तो महसूल देते की सामाजिक न्याय, हे तिने का पाठ करावे? खात्यांच्या भिंती तुमच्या, डोके तिने का आपटावे?

चुकूनमाकून आदेश सापडलाच, तर तो कागदाचा तिरका फोटो. फाइलीचे नाव ‘स्कॅन ००१२’! त्यातून शोधयंत्राच्या हाती काय लागणार, कपाळ? जुन्या फाँटातला आदेश डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राला तो रोमन अक्षरांचा चिवडा. शिवाय नवा ठेकेदार आला की रंग बदलतो आणि जुने सगळे पत्ते मोडून टाकतो. दुवा दाबा, पान गायब. माहिती हरवली की दलालाचे फावते, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

रचना जमत नाही म्हणता? तलाठ्याचे जुने कागदी दप्तर बघा. गाव नमुने एक ते एकवीस, प्रत्येकाचे काम ठरलेले. आठ-अ काढा, खातेदाराचे सगळे गट एका जागी. त्यातला गट धरून सात-बारा. सात-बाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो धरून सहा नंबरची नोंदवही, की जमीन कुणाकडून कुणाकडे कशी गेली ते समोर. विजेशिवाय चालणारी ही दुव्यांची साखळी! तलाठी अडवणूक करीत असेल, करीतही होता. पण दप्तराला वाट होती.

आणि कायदा? माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की माहिती सहज मिळेल अशा रीतीने अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवा. सतरा बाबी १२० दिवसांत आपणहून प्रसिद्ध करा. ती मुदत २००५ च्या ऑक्टोबरातच संपली! अनुक्रमणिका ही मेहेरबानी नव्हे, ते तुमचे कायदेशीर कर्तव्य आहे.

आमची मागणी एवढीच: प्रत्येक कामाला एक पान, ठळक मराठी मथळा, युनिकोडातला मजकूर, कायम टिकणारा पत्ता. संबंधित सचिवांनी मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर, तिथल्याच रेंजमध्ये, स्वतःच्या मोबाइलवर वारस नोंदीची कागदपत्रे शोधून दाखवावीत. नाही सापडली, तर ठेकेदाराचे बिल अडवा आणि त्या संकेतस्थळाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्याच पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत छापा!