कोरड्या माळावरचे बिऱ्हाड

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे चार महिने राहून आलेल्या मंडळींना विचारा, काय काय पाहिलेत? नायगारा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी, लास व्हेगासचा झगमगाट आणि घराजवळचे ते अवाढव्य वाणसामानाचे दुकान, ही यादी ठरलेलीच असते. त्या देशाच्या मध्यभागी शेकडो मैल पसरलेला कोरडा माळ मात्र कुणी पाहत नाही. विमान त्यावरून जाते तेव्हा मंडळी डुलक्या घेत असतात! म्हणून यंदा वाचकांना त्या माळावरच न्यावे, आणि तेही तंबू ठोकून दोन रात्रींच्या मुक्कामाला, असा बेत आहे.

मुक्काम आहे कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, लेक स्कॉट नावाच्या सरकारी उद्यानात. डेन्व्हरहून मोटारीने साडेचार तास. वाटेत दुतर्फा गहू, मका आणि ज्वारी. होय, आपलीच ज्वारी! कॅन्सस हे अमेरिकेतले ज्वारीचे अग्रगण्य राज्य आहे. पण बिचारीच्या नशिबी भाकरी नाही. ती जाते जनावरांच्या पोटात, इथेनॉलच्या कारखान्यात, नाही तर परदेशी जाणाऱ्या बोटीत. पाऊस वर्षाला २० इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या माण-आटपाडीची आठवण यावी इतपत. झाड औषधालाही दिसत नाही. आणि मग रस्ता एकाएकी खाली उतरतो, दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात, आणि समोर सुमारे १०० एकरांचे निळे तळे आणि काठाला गर्द झाडी! प्रवासाने पेंगुळलेली मुलेसुद्धा खाडकन जागी होतात.

आता बिऱ्हाड मांडायचे. मोटारीचा परवाना घ्यावा, मुक्कामाच्या जागेचे पैसे भरावेत. तिथे जेवायचे टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. पण दोन गोष्टी गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वारा. माळावरचा वारा अडवायला काही नसते, म्हणून तंबूचे खुंट पक्के ठोकावेत आणि कागदी ताटल्यांवर विश्वास टाकू नये. काठावरच्या कॉटनवुड झाडांची सावली मोहक खरी; पण त्यांच्या वाळक्या फांद्या वाऱ्याने खाली येतात, तेव्हा तंबू जरा दूरच बरा. दुसरी, विस्तव. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत शेकोटीला बंदी होते. चुलीवरच्या पिठल्याची हौस त्या दिवशी गुंडाळून ठेवावी. भर उन्हाळ्यात दुपारी कातडी भाजते, पण रात्र मोकळ्या आकाशाखाली निवत जाते. एखादी शाल बरोबर असावी.

रात्री आडवे पडले, की मनात प्रश्न येतो: एवढ्या कोरड्या माळावर हे पाणी आले कुठून?

तळे १९३० च्या सुमारास बांध घालून केलेले. पण त्याला पाणी पुरवणारे झरे फार जुने. सतराव्या शतकात स्पॅनिश अंमलाला कंटाळलेले पुएब्लो लोक न्यू मेक्सिकोतून पळून इथे आले, अपाची लोकांच्या शेजारी राहिले, आणि त्यांनी सात खोल्यांचे घर बांधून शेती केली. ‘एल क्वार्तेलेहो’ या नावाने ओळखले जाणारे ते अवशेष १८९८ मध्ये उकरले गेले आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टील नावाचे दांपत्य इथे वसले. त्यांचे दगडी घर अजून उभे आहे. आणि आजचा सर्वांत मानी रहिवासी म्हणजे तिळाएवढा एक पाणकिडा! स्कॉट रिफल बीटल हे त्याचे नाव. जगात तो या एकाच झऱ्यात सापडतो.

हे झरे म्हणजे ओगालाला नावाच्या भूमिगत साठ्याने बाहेर काढलेली जीभच. साउथ डाकोटापासून टेक्साससपर्यंत आठ राज्यांखाली तो पसरला आहे. हजारो वर्षे मुरलेले हे पाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप आले, गोल फिरणारे पाणी शिंपण्याचे यंत्र आले, आणि माळावर मक्याची हिरवी चक्रे उमटली. पण पश्चिम कॅन्ससमध्ये वर्षाला जेमतेम इंचभरही पाणी खाली मुरत नाही. वाचकहो, व्याजावर चालणारे घर आणि मुद्दल मोडून खाणारे घर यांतला फरक तुम्हांआम्हांला सांगायला नको. त्या भागातले कितीतरी ओढे आणि झरे आटून गेले. लेक स्कॉटचा झरा वाहतो आहे, म्हणून तळे आहे, किडा आहे आणि आपला तंबू आहे.

या हिशेबाने तिथले काही शेतकरी जागे झाले. त्याच भागात उत्तरेकडे, शेरिडन कौंटीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून आपणहून पाण्याचा उपसा २० टक्क्यांनी कमी करण्याचा नियम लावून घेतला, आणि पाच वर्षांची मुदत संपल्यावर तो पुन्हा चालू ठेवला. शेती बुडाली नाही. एकट्याने पंप बंद ठेवला, तर शेजारी आपल्या वाट्याचे उपसतो. म्हणून सगळ्यांनी मिळून हात आखडायचा, एवढीच त्यातली युक्ती.

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात तर तेवढेही मुद्दल नाही. शेजाऱ्याने ३०० फूट खणले म्हणून आपण ४०० फूट खणतो, आणि दोघांच्याही बोअरमधून धूळच येते. तेव्हा पुढच्या खेपेला मुलाकडे गेलात, तर नायगाराबरोबर या तळ्याचाही हट्ट धरा. नातवंडांना झऱ्यात पाय बुडवू द्या, पण तो किडा जपायला सांगा. आणि परतल्यावर आपल्या सोसायटीच्या बैठकीत बोअरवेलचा विषय निघाला, म्हणजे शेरिडनच्या शेतकऱ्यांची गोष्ट अवश्य सांगा.