मुख्याध्यापक घडवायचा की हजेरीपट भरायचा?

महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळेचा पुढचा मुख्याध्यापक कोण, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. सेवाज्येष्ठता यादीत ज्याचे नाव सर्वांत वर, तो मुख्याध्यापक. 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालील 1981 ची नियमावली यांनी ही रीत घालून दिली. तिच्यामागचा हेतू स्वच्छ होता. संस्थाचालकांच्या भाच्या-पुतण्यांना थेट खुर्चीवर आणून बसविण्याच्या प्रथेला आळा बसावा आणि जुन्या, जाणत्या शिक्षकाचा हक्क डावलला जाऊ नये, एवढाच तो हेतू. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या भागाविषयी. पंचवीस-तीस वर्षे ज्याने निष्ठेने गणित वा संस्कृत शिकविले, त्याला एका सकाळी वर्गातून उचलून कार्यालयात बसवायचे, संचमान्यता, शालार्थ, यू-डायस, पोषण आहार आणि न्यायालयीन प्रकरणे यांचे गाठोडे त्याच्या डोक्यावर ठेवायचे, आणि वर शाळेला शैक्षणिक नेतृत्व द्यावे अशी अपेक्षा बाळगायची! बँकेतील लिपिक अधिकारी झाला तर त्याला प्रशिक्षणाला धाडतात. सैन्यात बढतीच्या प्रत्येक पायरीवर अभ्यासक्रम आहे. हजार मुलांचे भवितव्य ज्याच्या हाती सोपवायचे, त्याने मात्र खुर्चीवर बसल्यानंतर चुकत-माकत शिकावे. त्या चुकांची किंमत तो चुकवीत नाही, मुले चुकवितात.

प्रशिक्षणे होत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना ती इतकी होतात की शिक्षक शाळेत सापडत नाही, ही पालकांची जुनी ओरड आहे. बारा वर्षे सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण, चोवीस वर्षे झाली की निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण. 2012 साली दिल्लीत राष्ट्रीय पातळीवर शालेय नेतृत्वाचे केंद्र निघाले. 2019 च्या ऑगस्टमध्ये ‘निष्ठा’ आली आणि सुमारे 42 लाख शिक्षक-मुख्याध्यापकांना प्रशिक्षित करण्याचा संकल्प सोडला गेला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक मुख्याध्यापकाला वर्षाकाठी किमान पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. धोरणातील हे कलम उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की हे पन्नास तास कोठे आणि कसे जातात?

ज्यांनी असे वर्ग जवळून पाहिले आहेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला प्रस्तुत लेखक वार्ताहर म्हणून दिवसभर बसला होता. सकाळी स्वाक्षरी, मग दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग अल्पोपहार. त्यानंतर एक तरुण साधनव्यक्ती उभी राहिली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर ती एक दिवसही बसलेली नव्हती. पडद्यावरची वाक्ये तिने क्रमाने वाचून दाखविली. पुढ्यात शंभरएक माणसे होती. त्यांच्यातील कोणी मोडकळीला आलेली शाळा सावरली असेल, कोणी दहावीचे नापास विद्यार्थी संध्याकाळी बसवून तारले असतील, कोणी गावातील भांडणे शाळेच्या फाटकाबाहेर थोपविली असतील. त्यांना दिवसभरात एकही प्रश्न विचारला गेला नाही. दुपारी पुन्हा स्वाक्षरी झाली. संध्याकाळी प्रवासभत्त्याच्या अर्जांसाठी जी धावपळ उडाली, ती त्या दिवसातील एकमेव उत्स्फूर्त घटना होती.

‘राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला’ ही आपली ठरलेली प्रशिक्षणपद्धती. चरकातून चौथ्यांदा काढलेल्या उसात रस किती उरतो, हे साखरपट्ट्यातील शासनाला वेगळे सांगावयास नको. आता तर चरकही घरी आला आहे. चित्रफीत एका बाजूला चालू ठेवावी, दुसऱ्या बाजूला शालार्थची देयके भरावीत, शेवटी चार पर्यायांतील एकावर खूण करावी आणि प्रमाणपत्र छापून घ्यावे. व्यावसायिक विकास झाला!

वस्तुतः मुख्याध्यापक घडतो तो दुसऱ्या मुख्याध्यापकाच्या सहवासात. वैद्य वैद्याच्या हाताखाली तयार होतो, गवई गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो, तसेच हे आहे. शाळा चालविणे ही विद्या आहे, तशीच ती हातोटीही आहे. हातोटी पाहून, सोबत राहून, प्रसंगी चार बोलणी खाऊन येते. आपल्याकडे याचे एक लखलखीत उदाहरण घडून गेले आहे. 1920 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. त्या सुमारास ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मानाचे पद होते, सुस्थिर नोकरी होती. गिजुभाईंचे काम त्यांना समजले तेव्हा त्यांनी दोन दिवसांची ‘अभ्यासभेट’ काढून, गटाचे छायाचित्र घेऊन परतीची गाडी पकडली नाही. पद सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सोबतीने वर्षानुवर्षे काम करीत राहिल्या.

पुढे 1945 साली बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ सोबत होत्याच. येथे त्या शिकण्याचे खरे फळ दिसले. माँटेसरीची महागडी साधने त्यांनी कोसबाडला वाहून नेली नाहीत. बिया, खडे, शिंपले, पाने, जे त्या मातीत होते त्यातून साधने केली. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे, त्याचे मूळ या प्रयत्नात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणातच भरविली. भावनगरातून त्यांनी आणली ती दृष्टी होती. त्या दृष्टीने कोसबाड पाहिले, म्हणून कोसबाड भावनगरची नक्कल झाले नाही.

याच्याशेजारी दशकापूर्वीची एक घटना ठेवून पाहावी. सातारा तालुक्यातील कुमठे बीटामध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषदेच्या शाळांत काम उभे केले. ते काम खरे होते. 2015 च्या जूनमध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हाती घेतला आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक, मुख्याध्यापक, अधिकारी यांची रीघ कुमठ्याकडे लागली. जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडून शिकू पाहते आहे, हे दृश्यच मोठे आशादायक होते. अनेक शिक्षक तेथून खरोखर काही घेऊन आले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पुष्कळ ठिकाणी काय पोहोचले? फरशीवरचा रंग! कुमठ्याच्या वर्गात फरशीवर आकृत्या रंगविल्या होत्या, म्हणून गावोगावच्या शाळांनी रंगारी बोलाविले. मूल स्वतः ज्ञान रचते, म्हणून शिक्षकाने केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हा त्या कामाचा प्राण. तो एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही. रंग मात्र दिसतो, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही तोच दिसतो. मग त्या रंगांवर सतरंजी अंथरून पूर्वीसारखीच घोकंपट्टी चालू राहिली, तर नवल कसले?

यात दोष केवळ मुख्याध्यापकांचा नाही. शाळांनी एकमेकींकडून शिकावे ही कल्पना या देशात नवी नाही. 1966 च्या कोठारी आयोगाने शाळा संकुल सुचविले होते. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी परस्परांच्या आधाराने चालावे, अशी ती योजना. 1994 साली महाराष्ट्राने साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याचे ठरविले आणि 4,860 पदे निर्माण केली. पुढे त्यांतील पदे मोठ्या संख्येने वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि जे केंद्रप्रमुख होते, ते माहितीचे तक्ते गोळा करणारे टपालवाले झाले. 2020 च्या धोरणाने संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली, शिवाय एका शासकीय शाळेची एका खाजगी शाळेशी जोडी लावावी, असेही सुचविले. कल्पना पुन्हा पुन्हा येते आणि पुन्हा पुन्हा कागदावरच राहते, याचे कारण शोधावयास नको काय?

कारण शोधायचे तर एप्रिल-मे महिन्यांत कोणत्याही तालुक्याच्या गावी एक फेरी मारावी. रणरणत्या उन्हात शिक्षक दारोदार हिंडत असतात. मतदारांसाठी नव्हे, विद्यार्थ्यांसाठी. पट घसरला तर संचमान्यतेत पद जाणार, पद गेले तर शिक्षक अतिरिक्त ठरणार, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याला कोठल्या तरी अनोळखी शाळेत समायोजनासाठी जावे लागणार. शेजारच्या शाळेत गेलेले प्रत्येक मूल म्हणजे आपल्या सहकाऱ्याच्या भाकरीचा तुकडा, अशी ज्या व्यवस्थेची रचना आहे, तिथे एका मुख्याध्यापकाने दुसऱ्याला आपल्या शाळेचे दार कसे उघडून द्यावे? आपले वाचनवर्ग कसे चालतात, दहावीच्या कच्च्या मुलांची तयारी कशी करून घेतो, हे तो शेजाऱ्याला का सांगेल? आणि आपली नववी गणितात का कोसळली, हे तर तो मुळीच सांगणार नाही. ते उद्या गावभर होईल. शासन एका हाताने शाळांना परस्परांशी झुंजवते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या सहकार्याची परिपत्रके काढते. हा विसंवाद मिटविल्यावाचून कोणतीही जोडी जमणार नाही. निदान पहिली पावले एकाच गावातील प्रतिस्पर्धी शाळांमध्ये न टाकता दूरच्या तालुक्यांतील शाळांमध्ये टाकावीत, म्हणजे पटाची धास्ती मध्ये येणार नाही.

परदेशवाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. 2023 च्या आरंभी पंजाबने आपल्या प्राचार्यांची तुकडी सिंगापूरला धाडली. त्याच सुमारास दिल्लीत शिक्षकांच्या फिनलंड दौऱ्यावरून सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली. परदेशात जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. चांगले कोठूनही घ्यावे. परंतु सिंगापूरला जायचे तर तेथील काचेच्या इमारतींपेक्षा एक गोष्ट नीट पाहून यावी. 2001 पासून तेथे भावी मुख्याध्यापकांसाठी सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. पद मिळण्यापूर्वीच त्यांना कामातून मोकळे करतात आणि दुसऱ्या शाळांत प्रत्यक्ष कामाला जोडतात. ही एक गोष्ट जर आपल्याकडे आणायची असेल, तर तिच्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. सांगलीच्या माणसाला लातूरला पाठविण्याची तयारी लागते.

यावर खात्याकडून हमखास येणारा प्रश्न असा, की मुख्याध्यापक महिनाभर गेला तर शाळा कोणी सांभाळायची? प्रश्न खोटा नाही. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत तर तो जीवघेणा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्याखालच्या असंख्य शाळांत दोन शिक्षक चार इयत्ता शिकवितात आणि त्यांतीलच एक ‘प्रभारी’ असतो. तो प्रशिक्षणाला गेला की उरलेला एकटा चारही वर्ग एका ओसरीत बसवून मुले राखतो. तेव्हा प्रत्येक केंद्रामागे एक फिरता बदली शिक्षक हवा. ‘पैसा नाही’ हे उत्तर येथे चालणार नाही. ज्या खात्याला प्रत्येक मोहिमेच्या फलकांसाठी आणि उद्घाटनांच्या मंडपांसाठी पैसा सापडतो, त्याला हा बदली शिक्षकही परवडेल.

माध्यमिक शाळांना तर हीही सबब नाही. अनुदानित शाळेतील मुख्याध्यापक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, ती तारीख त्याच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. त्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख तर गुरुजींनीच 1 जून अशी लावून टाकलेली, म्हणून 31 मे रोजी निरोपसमारंभांची रांग लागते. जाणारा कधी जाणार हे ठाऊक, येणारा कोण हे सेवाज्येष्ठता यादीवरून ठाऊक. तरीही येणाऱ्याला आदल्या वर्षी एक सत्र दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकाच्या शेजारी बसविण्याचे कोणाला सुचत नाही. यासाठी नियमावली बदलण्याचीही आवश्यकता नाही. एकाहून अधिक शाळा चालविणाऱ्या संस्थांनी तर शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारणच नाही. शाळा त्यांच्या, माणसे त्यांची, यादी त्यांच्याच कपाटात. येत्या 31 मे रोजी आपल्या कोणकोणत्या शाळांतील मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी होणार आहे आणि तिच्यावर बसणारा आज कोठे, काय शिकतो आहे, एवढे दोन प्रश्न सभासद आणि पालक यांनी संस्थेच्या पुढील सभेत कार्यवाहांना विचारावेत, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.